सलामीचा ठेका

कोल्हापुरात फुटबॉलवरून भांडायला मॅच असावी लागते असं काही नाही. त्या वर्षी मोसम संपला होता, थोरल्या मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं, तरी फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर रोज संध्याकाळी दोन तट पडत. कारण मैदान वाढवायचं ठरलं होतं. दगडी पायऱ्या काढून तिथं खुर्च्या बसणार, वर छत येणार आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे लाल माती जाऊन हिरवळ येणार.

"खुर्च्या?" इलाही शिकलगार म्हणाला. "मॅच बघाय आलाइस का नाटक? माणसानं नाचायचं कुठं?"

"छत तर पायजे का न्हाई?" सर्जेराव बोंगाळे म्हणाले. "उन्हानं टाळकं तडकतंय."

"आणि माती? माती गेल्यावर कपाळाला काय लावणार, गवत?"

यावर सर्जेरावांनी आणखी दोन कटिंग सांगितले.

सर्जेरावांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान होतं आणि इलाहीचं शेजारी कात्र्या-विळ्यांना धार लावायचं. साठीला टेकलेले हे दोघे मिसरूड फुटायच्या आधीपासून चिंचबाग तालमीच्या बाजूला, एकाच पायरीवर बसून मॅच बघत आले होते. तालीम कुस्तीची, पण संघ फुटबॉलचा, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. मैदानात शिरताना वाकून माती कपाळाला लावायची आणि आत थुंकायचं नाही, हे नियम कुठं लिहिलेले नव्हते. इलाही तंबाखूचा एवढा शौकीन, पण थुंकायला फाटकाबाहेर जायचा, आणि तेवढ्यात गोल झाला तर घरी जाईपर्यंत हळहळायचा.

आणखी एक रिवाज होता, त्याला सलामी म्हणत. मैदानात कुणी लागून पडला आणि पुन्हा उठून उभा राहिला, की तो आपला असो की त्यांचा, सगळं मैदान त्याला मानवंदना द्यायचं. आधी चिंचबागेच्या बाजूनं हलगीच्या ठेक्यावर पाय आपटायचे, मग समोरून दगडी चावडी तालमीच्या लोकांनी उत्तर द्यायचं, मग पुन्हा यांनी. पडलेला गडी खेळू लागेपर्यंत हे चालायचं. एरवी एकमेकांच्या आयाबहिणी काढणारे लोक तेवढा वेळ माणसात यायचे. सलामीचा पहिला ठेका वर्षानुवर्षं सर्जेरावांच्या हलगीचा असे, आणि त्या गोष्टीचा त्यांना दुकानापेक्षा जास्त अभिमान होता.

त्यांची धाकटी बहीण वैजू नेमकी दगडी चावडीत दिलेली. तिची मुलगी राजनंदिनी, घरची नंदू, मामाच्या परसात बॉल मारायला शिकली आणि खेळायला लागली दगडी चावडीच्या मुलींच्या संघातून. मामाला हा घाव जिव्हारी लागला होता. तरी ती बॉल घेऊन कडेनं सुटली की मामाची मांडी आपोआप थरथरायची, आणि इलाही ती हातानं दाबून धरायचा. चारचौघांत शोभत नाही म्हणून.

दसऱ्याच्या सुमारास दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांची एका सभागृहात बैठक झाली. मैदानाचा खर्च 'समतल' नावाची कंपनी उचलणार होती. तिच्यातर्फे मैत्रेयी सोवनी नावाची इंजिनिअर आली होती. तिनं भाषण केलं नाही. एक बाटली काढली, तिच्यातलं काळसर तेल बशीत ओतलं आणि बशी हलवून दाखवली. तेल हिंदकळलं. मग बशीखाली चुंबक धरला आणि बशी सरळ उपडी केली. एक थेंब पडला नाही.

"तेलात लोखंडाची पूड आहे, मैद्यासारखी बारीक," ती म्हणाली. "चुंबक आला की पुडीचे कण एकमेकांना धरून रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं. चुंबक काढला की पुन्हा पातळ. पापणी लवायच्या आत. या तेलाच्या छोट्या छोट्या पिशव्या सगळ्या हिरवळीखाली असतील आणि प्रत्येकीखाली विजेवर चालणारा चुंबक. खेळाडूच्या बुटात एक चकती असेल, त्यामुळं कुणाचा पाय कुठं आणि किती जोरात पडतोय ते जमिनीला कळेल. जोरात आदळला तर जमीन मऊ होऊन झेलेल. पळताना घट्ट होऊन साथ देईल. गुडघे वाचतील."

हे मात्र सगळ्यांना पटलं. लाल मातीनं कपाळं रंगवली तशी गुडघ्यांची चाळणही केली होती.

"आणखी एक गंमत आहे," सोवनीबाई म्हणाल्या. "एवढ्या खुर्च्या भरायच्या तर प्रेक्षकांनाही काहीतरी द्यायला हवं. खुर्च्यांखालच्या जमिनीत तुमच्या पायांचा जोर मोजला जाईल. ज्या बाजूचा जोर जास्त, तिच्या संघाच्या पायाखाली जमीन घट्ट राहील आणि समोरच्यांच्या पायाखाली किंचित सैल. वाळूत पळताना जसं जरा जास्त दमायला होतं, तेवढंच."

चिंचबागेच्या पाठीराखा मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील, नुकतीच दाढी कोरायला शिकलेला गडी, उभा राहिला. "म्हणजे आमी पाय आपटलं की त्यांची टीम दमणार?"

"थोडक्यात, हो."

"आणि दोघांनीबी आपटलं तर?" इलाहीनं विचारलं.

"जोर सारखा असेल तर काहीच होणार नाही. आणि हे नको वाटलं तर केव्हाही बंद करता येईल. तुम्हा पाठीराख्यांच्या मतानंच."

मग जो गोंगाट उसळला त्याला तोड नव्हती. आजवर घसा फोडला, तळवे सुजवले, पण बॉलवर त्याचा तसूभर परिणाम झाला नाही, हे दुखणं प्रत्येक पाठीराख्याच्या पोटात असतं. आता आपण नुसते बघे राहणार नव्हतो. हात वर करायला सांगितल्यावर सर्वांत आधी वर गेला तो ग्रीसनं काळवंडलेला हात सर्जेरावांचा होता.

पुढच्या मोसमात नवं मैदान उघडलं. गवत इतकं हिरवं की खोटं वाटावं. दोन गोलांच्या मधोमध उंचावर एक उजेडाची पट्टी होती. चिंचबागेचा जोर वाढला की ती पिवळी होऊन डावीकडं सरकायची, दगडी चावडीचा वाढला की निळी होऊन उजवीकडं. सुरुवातीचे सामने लोकांनी लग्नासारखे साजरे केले. पट्टी पिवळी झाली की समोरचे गडी जड पावलांनी पळू लागत, आणि ते बघून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत. सर्जेरावही पडले. खोटं कशाला सांगायचं?

"मॅच बघालाइस का पट्टी?" एकदा इलाहीनं विचारलं.

सर्जेराव वरमले. बराच वेळ बॉल कुणाकडं आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. आजूबाजूलाही सगळ्यांच्या माना वर होत्या.

मुलींच्या फायनलला चिंचबाग आणि दगडी चावडी समोरासमोर आल्या. मैदान तुडुंब भरलं होतं. उत्तरार्धात नंदू कडेनं सुटली आणि चिंचबागेच्या बचावातल्या मुलीनं तिच्या पायात पाय घातला. नंदू दोन कोलांट्या खाऊन पडली ती उठेना. सगळं मैदान चिडीचूप झालं. समोरच्या बाजूला कुठंतरी वैजू बसली असणार, हे सर्जेरावांच्या मनात आलं.

मग नंदू उठली. माती नव्हती, तरी सवयीनं तिनं गवताला हात लावून कपाळाला लावला आणि फ्री किक घ्यायला निघाली.

सर्जेरावांना भरून आलं. त्यांनी हलगी वर घेतली आणि सलामीचा ठेका धरला. त्यांनी विचार केला नाही. सलामी द्यायला विचार कोण करतं? चिंचबागेच्या हजारो पायांनी ठेका उचलला. पट्टी झपकन पिवळी झाली. समोरून दगडी चावडीचं उत्तर आलं. पट्टी निळी झाली. पुन्हा पिवळी, पुन्हा निळी. नव्या मैदानातली ही पहिलीच सलामी होती, आणि ती छताखाली घुमून अशी परत येत होती की अंगावर काटा यावा.

नंदू धावत बॉलकडं आली. शेवटच्या पावलाला तिचा पाय आधी गवतात रुतला आणि रुतलेला असतानाच जमिनीनं तो आवळून धरला. वरचं अंग वळलं, खालचा पाय वळला नाही.

ती पडली. आणि लोकांना वाटलं, पोरगी पुन्हा पडली, आता पुन्हा उठेल. म्हणून त्यांनी सलामी आणखी जोरात दिली. सर्जेरावांनीही हलगी आणखी जोरात बडवली. प्रत्येक ठेक्याला तिच्या खालची जमीन सैल होत होती आणि घट्ट होत होती, आणि ती गुडघा दोन्ही हातांनी धरून किंचाळत होती, पण एवढ्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? शेवटी इलाहीनं त्यांच्या हातातली काडी हिसकावली.

"बास! सर्ज्या, बास! बघ तिच्याकडं!"

गुडघ्यातले बंध पार तुटले होते. वाटीही सरकली होती. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळायचं विसरा.

सोवनीबाई दवाखान्यात आल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर सर्जेराव आणि वैजू, दोघांत एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसले होते. बाईंचा चेहरा उतरला होता.

"दोन्ही बाजू एकदम आपटतील असंच आम्ही धरून चाललो होतो," त्या म्हणाल्या. "एकदम आपटलं की जोर फिटतो, जमिनीला काही होत नाही. पण हे एकाआड एक होतं. प्रत्येक ठेक्याला जमीन उलटी होत गेली, अगदी तिचा पाय त्यात असताना. समोरच्या संघातल्या मुलीला अशी दाद... असं कोण देतं?"

"आमी देतो," सर्जेराव म्हणाले.

बाई खाली बघू लागल्या. मग म्हणाल्या, "पायांचा जोर मोजणं बंद केलं की प्रश्नच मिटला. मी आज करू शकते. पण बंद करायचं ते पाठीराख्यांनी ठरवायचं, असंच ठरलंय. बैठकीत आलं की लगेच करते."

"त्यात काय! उद्या करतो की बैठक," सर्जेराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

वैजू बाकावरून उठली. ती भावाकडं न बघता म्हणाली, "दादा, तुझी हलगी वळखाय येती मला. एवढ्या गोंगाटात येती. मी बाजूच्या बाईला सांगितलं, माझा भाऊ वाजवालाय, माझ्या पोरीसाठी." आणि पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली.

नंदू मात्र मामाला लागेल असं काही बोलली नाही. गुडघ्याच्या पट्टीकडं बघत म्हणाली, "तू सलामीच दिलीस की, मामा. दुसरं काय दिलंस?" ते ऐकून सर्जेरावांना जास्त रडू आलं.

बैठक भरली ती त्याच सभागृहात. सर्जेराव बोलायला उठले आणि जेमतेम चार वाक्यं बोलून बसले. यात बोलण्यासारखं काय आहे, पोरीचा पाय गेलाय, बंद करूया, एवढंच ते म्हणाले. कुणीतरी च् च् केलं. मग धैर्यशील उठला.

"सर्जेरावआबांच्या दुःखात आमी सगळी हाय," तो म्हणाला. "झालं ते वाईटच. पण कुणी मुद्दाम केलं का? न्हाई. आणि आपटण्याची मजा गेली तर ह्या मैदानात राहिलं काय? खुर्च्या? आणि जी सोय हाय ती दोघांनाबी हाय. आज त्यांची पडली, उद्या आपली पडंल. खेळ हाय ह्यो."

सर्जेरावांना वाटलं, आता दगडी चावडीचं कुणीतरी उठेल आणि याच्या कानाखाली काढेल. उठलाही एकजण. नंदूचा सख्खा चुलता.

"पोरगी आमची गेली," तो म्हणाला. "आता बंद करायचं म्हणजे आमचं नुकसान झालं ते झालंच, आणि तुमी सुटला. आमची पाळी आल्याबिगर बंद करायचं न्हाई."

यावर टाळ्या पडल्या. दोन्हीकडून पडल्या! भाचीचा मोडलेला गुडघा या लोकांनी असा हातात घेतला होता, जसा बाजारात कोबीचा गड्डा घेतात, वजन बघायला. इतक्या वर्षांची ओळख असलेले हे चेहरे. यांच्या पोरांच्या बारशाला आपण जेवलो. बंद करू नये म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं तेव्हा सभागृहात हातांचं रान उगवलं. सर्जेरावांनी शेजारी पाहिलं. इलाहीनं हात वर केला नव्हता. पण बंद करावं म्हणणाऱ्यांच्या वेळीही त्याचा हात मांडीवरच राहिला.

"असं का केलंस?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"लोकांत ऱ्हायचं असतंय, सर्ज्या," इलाही म्हणाला आणि डबीतली तंबाखू मळू लागला.

सर्जेरावांनी मैदान सोडलं. हलगी दुकानाच्या माळ्यावर टाकली. पुढच्या मोसमात चिंचबाग आणि दगडी चावडीच्या मुली पुन्हा भिडणार असं ठरलं, तेव्हा नंदू काठी टेकत दुकानात आली.

"मला मॅचला न्हे. शर्वरी माझ्या जागी खेळणाराय, मी शिकवलंय तिला."

"मी न्हाई येत तिथं. शिसारी येती मला त्या जागंची."

"मग मी एकटी जातो," असं अस्सल कोल्हापुरी ठसक्यात म्हणून ती वळली. काठी घेऊन मैदानातला जिना ती एकटी कशी चढणार? सर्जेरावांनी दुकानाचं शटर ओढलं.

त्यांच्या जुन्या जागेवर इलाही बसला होता. सरकून त्यानं दोघांना जागा दिली. "हलगी?" त्यानं विचारलं. सर्जेरावांनी मान हलवली. मागच्या रांगेतून धैर्यशीलनं वाकून नमस्कार केला. "आबा, बरं झालं आलासा. आज समोरबी आपलीच पोरं बसवल्यात, त्यांच्या बाजूची तिकिटं काढून."

"का?"

"उत्तर द्यायला," धैर्यशील म्हणाला आणि हसला.

सर्जेरावांना आधी समजलं नाही. उत्तरार्धात शर्वरीला कोपर लागून ती पडली तेव्हा समजलं. मैदान चिडीचूप झालं, पण ती पूर्वीची शांतता नव्हती. मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तेव्हा जशी असते तशी ती होती. सगळे तिच्या उठण्याची वाट बघत होते.

"आबा, सलामी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप बस!" सर्जेराव गरजले. "माझ्याजवळ हलगी न्हाई!"

आणि छताखालच्या कर्ण्यातून हलगी वाजू लागली. पहिल्याच ठेक्याला त्यांनी ती ओळखली. ती त्यांचीच होती. नंदूच्या फायनलला वाजवलेली, कुणीतरी फोनवर टिपून ठेवलेली. पाय आपटू लागले. समोरून उत्तर आलं, पेरून ठेवलेल्या पोरांचं. पट्टी पिवळी झाली, निळी झाली. लोकांच्या तोंडावर भक्तिभाव होता आणि डोळे शर्वरीच्या गुडघ्यांवर. सर्जेरावांनी खाली पाहिलं. इलाहीचा पाय ठेका धरत होता, हळूच, टाचेनं. त्याला स्वतःलाही कळलेलं नसावं.

"इलाही," ते म्हणाले. पाय थांबला. पण इलाहीनं मान वर केली नाही.

खाली शर्वरी एक हात टेकून उठू लागली. नंदू काठी सोडून कठड्याला धरून उभी राहिली होती. "उठू नकोस!" ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "शरू, उठू नकोस!" तिचा आवाज दोन रांगांपलीकडं जात नव्हता.

पडलेल्याला ऊठ म्हणण्यात सर्जेरावांचा उभा जन्म गेला होता. हलगी नसेल तेव्हा ते तोंडानं म्हणत, ऊठ गं, ऊठ रे, आणि तालमीत घडलेला तो आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. आता तो आवाज त्यांनी बेंबीच्या देठापासून काढला.

"उठू नको गं पोरी! उठू नको!"

शर्वरीनं वर पाहिलं. तिनं नंदूला पाहिलं असावं. ती पुन्हा खाली बसली, चकतीचे बूट काढून फेकून दिले, आणि हातापायांवर, तान्ह्या पोरासारखी रांगत मैदानाच्या कडेकडं निघाली. सलामी थांबली नाही. उलट लोक हसू लागले आणि हसता हसता पाय आपटू लागले. कुणीतरी तिला बकरीसारखं ओरडून दाखवलं. ज्या सलामीसाठी थोरली माणसं डोळे पुसायची, तिच्याच ठेक्यावर एक पोर गुडघ्यांवर चालत होती.

सर्जेरावांनी भाचीच्या हातात काठी दिली, दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं पायऱ्या उतरू लागली. इलाहीनं पाठीमागून हाक मारली. ते वळले नाहीत.

फाटकाकडं जायची वाट मैदानाच्या कडेनं होती. तिथं आल्यावर सर्जेराव थांबले. इथंच वाकून त्यांनी पहिल्यांदा माती कपाळाला लावली होती, वडिलांनी मानेवर हात ठेवून वाकवलं होतं. नंदूला वाटलं, मामा आता वाकणार. तिनं त्यांचा खांदा सोडला.

तंबाखूला आयुष्यात कधी न शिवलेले सर्जेराव त्या हिरव्यागार गवतावर थुंकले.

"मामा!" नंदू म्हणाली.

"चल," ते म्हणाले. "शर्वरी बाहेर आली असंल. तिला घरी सोडायला पायजे." आणि तोंड पुसून त्यांनी तिला पुन्हा खांद्याचा आधार दिला. मागं त्यांची हलगी वाजतच होती.